कुत्र्याचं पिल्लू टीनेजर झालं की ट्रेनिंग कशी चालू ठेवायची

पाच महिन्यांचं असताना हाक मारली की कान उडवत धावत येणारं पिल्लू आठव्या महिन्यात एकदम बहिरं असल्यासारखं वागायला लागतं आणि आपल्याला वाटतं, झालं, शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं. गेलेलं नसतं हो. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत हे असंच चालतं, मोठ्या जातींमध्ये तर दोन वर्षंही लागतात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये एक अभ्यास छापला, त्यात 8 महिन्यांची पिल्लं 'सिट' म्हटल्यावर स्वतःच्या माणसाचं आधीपेक्षा कमी ऐकत होती, परक्याचं मात्र नीट ऐकत होती!! म्हणजे घरच्यांनाच ताप देणं हे फक्त माणसांच्या पोरांचं काम नाही.

तर पहिलं म्हणजे 'ये' हा शब्द जपा. बहुतेक जण इथेच घाण करतात, मीही केलीये. बाहेर मोकळं सोडायचं, दहा वेळा 'ये ये ये' ओरडायचं, शेवटी आलं की रागवायचं नाहीतर लगेच पट्टा लावून घरी न्यायचं. मग त्याच्या डोक्यात बसतं की आलो की मजा संपते, ते कशाला येईल? त्यामुळे या काळात पाच ते दहा मीटरची लांब दोरी लावा, गळपट्ट्याला नाही, हार्नेसला (छातीभोवती बांधायचा पट्टा), म्हणजे पळताना मानेला हिसका बसत नाही. हाक एकदाच मारायची. नाही आलं तर त्याच्यापासून लांब, उलट दिशेला पळत सुटा, टाळ्या वाजवा, खाली बसा, येतंच. आलं की चांगल्यातली ट्रीट द्या आणि परत खेळायला सोडा. आणि कितीही उशिरा आलं तरी ओरडायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे.

शिकवणं तीन ते पाच मिनिटंच, दिवसातून दोन-तीनदा. आधी घरात, मग दारात, मग रस्त्यावर. रस्त्यावर जमत नसेल तर सरळ एक पायरी मागे या, त्यात कमीपणा काही नाही.

चावणं चालूच राहतं. पक्के दात सात महिन्यांपर्यंत येतात पण कुरतडायची हौस त्यानंतरही असते, चपला वर ठेवा, चावायला काहीतरी द्या आणि तोंडातलं ओढून घेण्यापेक्षा ट्रीट देऊन अदलाबदल करा.

याच वयात कधीकधी रोजच्या कचऱ्याच्या डब्याला पण घाबरतं. ओढत नेऊ नका, लांबूनच बघू द्या, ट्रीट टाकत राहा.

संध्याकाळी वेड्यासारखं घरभर पळून हातपाय चावत असेल तर बऱ्याचदा झोप कमी पडलेली असते, शांत कोपऱ्यात झोपवा. शी-शूचं शिकलेलं पिल्लू अचानक घरात करायला लागलं तर मात्र हट्टीपणा समजू नका, नर असेल तर मार्किंग (आपली जागा दाखवायला थोडी थोडी शू करणं) असू शकतं, मादी असेल तर हीट (माजावर येणं) जवळ आलेली असू शकते, किंवा लघवीचं इन्फेक्शन. आधी डॉक्टरांना दाखवा.