घर शोधण्याआधी प्राणी ओळखा: निवाऱ्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्याच्या कडेला असलेल्या एका प्राणी-निवाऱ्यात मी गेली काही वर्षं काम करते आहे. कॉलेजं सुरू झाली की नवी मुलं येतात. पिल्लांना बाटलीने दूध पाजायला मिळेल, असं बहुतेकांना वाटत असतं. ते मिळतंच, पण सकाळ जाते ती झाडू, पाइप आणि ब्लीचमध्ये.

ब्लीचचं कारण समजून घ्या. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू लादीवर, बुटांवर, भांड्यांवर महिनोनमहिने टिकतो आणि लस न झालेलं पिल्लू त्याने दोन-तीन दिवसांत दगावू शकतं. साध्या फिनाइलने तो मरेलच असं नाही, आणि मांजरांना तर फिनाइल विषारीच. म्हणून आधी घाण काढायची, मग पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं राहू द्यायचं आणि स्वच्छ पाण्याने धुऊन टाकायचं. कामाचा क्रमही ठरलेला असतो: निरोगी पिल्लं आधी, नवीन आलेले नंतर, आजारी सगळ्यात शेवटी. आजारी वॉर्डातून थेट पिल्लांकडे जायचं नाही, ती कितीही केविलवाणी रडत असली तरी.

गेटवर आलेला प्राणी कुठला, हे ठरवणं फार महत्त्वाचं. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्यांना पकडलं तिथेच परत सोडायचं, असं २०२३चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात. कानाला खाच दिसली की नसबंदी झाली आहे असं समजायचं. (शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतल्या कुत्र्यांबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५चा आदेश वेगळा आहे.) “याला घर का नाही द्यायचं?” असं नवी मुलं कळवळून विचारतात. गल्लीत वाढलेल्या मोठ्या कुत्र्याला त्याची जागा, त्याची माणसं असतात. फ्लॅटमध्ये कोंडलं तर त्याचे हालच होतात.

घरातून आलेला प्राणी वेगळा कळतो. मानेवर पट्ट्याने दबलेले केस, कापलेली नखं, रहदारीची भीती, गाडीचं दार उघडं दिसताच आत चढण्याची धडपड. लॅब्रॅडोर, पर्शियन मांजर आणि पुण्याच्या उन्हात हाल होणारे हस्कीसुद्धा रस्त्यावर सापडतात. दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेले असतात त्यांचे मालक बहुधा शोधत असतात. त्यामुळे दत्तकाचा विचार नंतर. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) तपासायची, फोटो काढायचा, सापडलेल्या भागातल्या दवाखान्यांत आणि सोसायट्यांत तो पोचवायचा. आणि “हा माझाच” म्हणून कोणी आलं तर जुने फोटो, लसीचं कार्ड, महापालिकेचा परवाना बघितल्याशिवाय प्राणी हातात द्यायचा नाही.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम: वही. नवा प्राणी पहिले काही दिवस खरा दिसतच नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला आठवड्याने दांडगाई करतो, शहाणा वाटलेला जेवणाच्या भांड्यावरून दात दाखवतो. म्हणून रोज लिहा, आणि घडलं तेवढंच लिहा. ‘भांडखोर’ असा शिक्का मारू नका. ‘भांड्याजवळ हात नेल्यावर गुरगुरला, हात मागे घेतल्यावर थांबला’ असं लिहा. हेल्मेट घातलेल्या माणसाकडे कसा बघतो, मांजर दिसल्यावर काय करतो, एकटा ठेवला तर किती वेळ ओरडतो, हे ज्याला पट्टा धरून रोज फिरवता त्याच्याबद्दल तुम्हीच सांगू शकता. डॉक्टर तपासून पुढच्या पिंजऱ्याकडे गेलेले असतात.

घर द्यायची वेळ आली की ही वही उपयोगी पडते. एकदा सदाशिव पेठेतलं निवृत्त जोडपं पिल्लू न्यायला आलं.

“काकू, पिल्लाला दिवसातून सात-आठ वेळा खाली न्यावं लागेल. जमेल?”

“अगं, यांचा गुडघा दुखतो. माझंही वय झालं.”

मग मी त्यांना सहा वर्षांची, शांत, दोन वेळच्या फिरण्यावर खूश असणारी गावठी कुत्री दाखवली. ती त्यांच्याकडे छान रुळली. उलट कोथरूड-कर्वेनगरात खोली शेअर करणारी मुलं आली की मी विचारते, शेवटचं सेमिस्टर संपल्यावर कुत्रा कोणाच्या गावी जाणार? घरमालकाला विचारलंय? मांजर हवं असेल तर गॅलरीला जाळी लागलीच पाहिजे, तिथे तडजोड नाही. आणि घरात आजी असतील तर त्यांना भेटल्याशिवाय होकार देऊ नका, कारण दुपारी प्राण्याजवळ त्याच असणार.

स्वतःचीही काळजी घ्या. कामाला लागण्याआधी रेबीजची लस घ्या: पहिल्या दिवसानंतर ७व्या आणि २१व्या किंवा २८व्या दिवशी. तरीही कुत्रा चावला किंवा ओरखडलं, तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आधी लस घेतलेली असली तरी पुढचे डोस लागतात. पावसाळ्यात जखमांत अळ्या पडलेले प्राणी खूप येतात. तो वास आणि ते दृश्य पहिल्यांदा सहन होत नाही. बाहेर जाऊन पाच मिनिटं बसा, कोणी काही म्हणणार नाही.

यातच पुढे जायचं असेल, तर पशुवैद्यकीय पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची असते, प्रवेश ‘नीट’ (NEET) या परीक्षेतून होतो, आणि पुण्याजवळचं सरकारी महाविद्यालय शिरवळला आहे.

प्राणी घरी गेला की दुसऱ्या दिवशी फोन करा, मग आठवड्याने, मग महिन्याने. “खातो का?” एवढंच विचारू नका, “रात्री कुठे झोपतो, पाहुणे आले की काय करतो?” हे विचारा. अडचण लवकर कळली तर बहुतेक वेळा फोनवरच सुटते. काही जण प्राणी परत आणतात, आणि मान खाली घालून उभे राहतात. त्यांच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढचा माणूस परत आणण्याऐवजी रस्त्यावर सोडेल. त्यांना बसवा, घरात नेमकं काय झालं ते विचारा आणि त्या प्राण्याच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या घराला ते सांगायचं आहे.