अवकाशातला गेम बनवताना भौतिकशास्त्र किती पाळावे, आणि पहारेकऱ्याचा जीव न घेता निसटण्याची वाट कशी आखावी

अवकाशातला गेम बनवायला बसलेल्या माणसापुढे अगदी सुरुवातीलाच प्रश्न उभा राहतो, की यान न्यूटनच्या नियमांनी चालवायचे की हाताला सोपे जाईल तसे. पुष्कळ जण मधला मार्ग काढतात आणि प्रत्येक नियम थोडाथोडा सैल करतात. त्यातून जो गेम तयार होतो त्यात खऱ्या अवकाशाची जरबही राहत नाही आणि खेळण्याची गोडीही राहत नाही. माझ्या मते एकच नियम निवडावा, तो कसोशीने पाळावा आणि बाकीचे त्याच्या सोयीने खुशाल वाकवावेत. निवडायचा नियम असा असावा की त्याच्यामुळे खेळाडूला दर काही मिनिटांनी काहीतरी ठरवणे भाग पडेल.

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा रॉकेट बांधून उडवण्याचा गेम या पद्धतीचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. त्यातल्या कर्बिन या ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर आहे, पृथ्वीची ६,३७१; तरीही दोन्हींच्या पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण सारखेच ठेवले आहे. त्यामुळे कर्बिनभोवती खालच्या कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर वेग पुरतो, जिथे पृथ्वीभोवती तो ७.८ च्या आसपास लागतो, आणि प्रदक्षिणा दीड तासाऐवजी अर्ध्या तासात होते. आकार खोटा आहे, पण कक्षेचे गणित खरे आहे. पुढचे यान गाठण्यासाठी इंजिन लावून पुढे धावले तर कक्षा उंचावते आणि आपण मागेच पडतो, हे तिथे पाठ करावे लागत नाही, दोनचार वेळा फसल्यावर ते आपसूक अंगवळणी पडते. वाकवायचे काय आणि जपायचे काय, हे इतक्या नेमकेपणाने ठरवले म्हणूनच हे साधले.

उलट बाजूचा धडा १९९३ च्या 'फ्राँटिअर : एलिट २' मध्ये मिळतो. त्यात उड्डाण न्यूटनच्या नियमांनी होत असे, पण लढाईत दोन्ही याने प्रचंड वेगाने एकमेकांजवळून निघून जात आणि नेम धरायला क्षणभरच मिळे. त्याच मालिकेतल्या २०१४ च्या 'एलिट डेंजरस' मध्ये म्हणूनच यानांच्या वेगाला कमाल मर्यादा घातली गेली. नियम न मोडता मार्ग काढता येतो, हे 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) दाखवतो : तिथे जडत्व पूर्णपणे खरे आहे, पण एक बटण दाबून धरले की आपला वेग समोरच्या ग्रहाच्या वेगाशी जुळवला जातो. नियम अवघड वाटला की आधी असे एखादे साधन देता येते का ते पाहावे. नियमाला हात घालण्याची पाळी शक्यतो शेवटी यावी.

आता लपण्याकडे वळू. खऱ्या अवकाशात लपणे जवळजवळ अशक्य आहे, कारण पार्श्वभूमीचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश आहे आणि माणसे राहतात ते यान त्याच मोजमापात ३०० अंशांच्या, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या, आसपास असते. त्या तापमानाचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॉट उष्णता बाहेर टाकतो. काळ्याभोर रात्री माळावर शेकोटी लपवण्यासारखेच ते आहे. अनेक जण हे वाचून हिरमुसतात आणि अदृश्य होण्याचे जादुई यंत्र आणतात. तसे करू नये, कारण हाच नियम कसोशीने पाळण्याजोगा आहे. उष्णता नाहीशी करता येत नाही, पण काही काळ पोटात साठवता येते, आणि विकिरकांच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पट्ट्यांची कड शत्रूकडे वळवून ती दुसऱ्या दिशेला सोडताही येते. 'एलिट डेंजरस' मध्ये यानाचे उष्णता बाहेर सोडणारे झरोके बंद करण्याची सोय आहे. तसे केले की शत्रूच्या यंत्रांना आपण नीट सापडत नाही, पण आतला ताप चढत जाऊन आपलीच यंत्रसामग्री खराब होऊ लागते. तापलेला भार बाहेर फेकून देणारे उपकरणही मिळते. लपण्याची किंमत खेळाडूला प्रत्येक सेकंदाला मोजावी लागते, म्हणून तो निर्णय जिवंत राहतो.

स्वतःच्या गेममध्ये हे आणताना उष्णतेचा एकच साठा ठेवावा आणि त्यात भर घालणाऱ्या गोष्टी चारपाचच असाव्यात : इंजिन, संगणक, दिवे, हवेचे पंखे, दरवाजांची यंत्रे. पडद्यावर दोन पट्ट्या पुरेशा आहेत, एक आत साठलेल्या उष्णतेची आणि दुसरी शत्रूला आपण किती दिसतो याची. दुसरी पट्टी लपवली तर पकडले गेल्यावर खेळाडूला आपली चूक कळत नाही, नुसता राग येतो. गतीचे म्हणाल तर अंतरे हवी तेवढी कमी करावीत, कोणाचीही तक्रार येणार नाही.

जीव न घेण्याची वाटसुद्धा याच नियमातून निघाली पाहिजे, याबद्दल मी विशेष आग्रही आहे. बहुतेक ठिकाणी ती बंदुकीत गोळीऐवजी गुंगीचे औषध भरून दिली जाते. पहारेकरी पडतो आणि खेळ संपेपर्यंत तसाच पडून राहतो. त्यात दया दाखवल्याचे काहीच जाणवत नाही. 'प्रे' (२०१७) मध्ये मन ताब्यात गेलेल्या माणसांना विजेच्या धक्क्याने बेशुद्ध करता येते, किंवा त्यांना नाचवणाऱ्या परक्या जीवाला संपवून मोकळेही करता येते. दोन्ही वाटांना वेगवेगळी तयारी लागते. 'हीट सिग्नेचर' (२०१७) मध्ये रक्त न सांडता काम उरकण्याची अट असलेल्या मोहिमा आहेत, आणि खेळाडू स्वतः यानाबाहेर फेकला गेला तर आपले छोटे यान दुरून चालवून त्याला वेळेत उचलता येते.

यापुढे एक पाऊल टाकता येईल. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर चढत नाही, त्यामुळे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचू लागतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हवा सतत खेळती ठेवावी लागते त्याचे हे एक मोठे कारण आहे. आता असे समजा, की खेळाडूने एका अरुंद मार्गिकेत पहारेकऱ्याला बेशुद्ध केले आहे. तो खाली कोसळत नाही, हात पुढे करून हळूहळू गिरक्या घेत तरंगत राहतो. पुढच्या दालनात आवाज आणि उष्णता कमी करायची म्हणून खेळाडू पंखे बंद करतो, आणि त्याच क्षणी मागे तरंगणाऱ्या माणसाचा श्वास धोक्यात येतो. आता त्याने पंखे पुन्हा लावून उजेडात यावे, की परत जाऊन त्या माणसाला हवेच्या झोतापाशी पट्ट्याने बांधून यावे? ज्या नियमाने लपायला मदत केली त्याच नियमाने ही जबाबदारी अंगावर टाकली. पहारेकऱ्याच्या मनगटावरचा हिरवा दिवा पिवळा होताना दाखवावा, म्हणजे इशारा वेगळ्या शब्दांत द्यावा लागणार नाही.

बेशुद्ध करणे हा मात्र एकमेव उपाय ठेवू नये. डोक्यावर फटका मारून माणसाला तासभर झोपवणे खऱ्या आयुष्यात मुळीच निरुपद्रवी नसते. दालनाचा दरवाजा बाहेरून बंद करणे, दूरच्या खोलीत खोटा धोक्याचा इशारा वाजवणे, दिवे घालवणे, पहाऱ्याची वेळ बदलणे, समोर येऊन शरण यायला लावणे, असे निदान चार तरी मार्ग असावेत. मारण्यासाठी दहा शस्त्रे आणि सोडण्यासाठी एकच साधन दिले, तर जो खेळाडू जीव वाचवू पाहतो त्यालाच आपण कंटाळवाण्या खेळाची शिक्षा देतो. शिवाय मृत्यू कोणाच्या खात्यावर धरायचा हे आधी लिहून ठेवावे : खेळाडूने एअरलॉक (यानातून बाहेर पडायचा हवाबंद दरवाजा) उघडला आणि कोणी बाहेर ओढला गेला, तर तो खेळाडूनेच घेतलेला जीव मानावा.

हे सर्व संगणकावर चढवण्यापूर्वी चौकटीच्या वहीवर खेळून पाहावे. एका पानावर यानाचा आराखडा काढावा, पहारेकऱ्यांच्या जागी नाणी ठेवावीत, उष्णतेसाठी वाटीत चिंचोके घ्यावेत आणि प्रत्येक चालीला किती चिंचोके टाकायचे ते ठरवावे. समोर बसलेल्याला नियम एकदाच सांगून मग गप्प राहावे. चिंचोका टाकण्याआधी तो थबकतो का, हे पाहावे. जिथे तो विचार न करता चाल खेळतो तिथला नियम काढून टाकावा, आणि बेशुद्ध पहारेकऱ्याच्या नाण्याकडे तो मागे वळून पाहू लागला की मगच पहिली ओळ टंकायला घ्यावी.