मेनूत मागितले ३, हाती आले ८

जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीतला जुना कोड साध्या जावास्क्रिप्टमध्ये आणताना ही गडबड हमखास होते. समजा, 'मेनू' या व्हेरिएबलमध्ये एक यूएल (एचटीएमएलमधली यादी) आहे. त्यात ५ एलआय (यादीतल्या नोंदी), आणि त्यांपैकी एकात ३ एलआयचा उपमेनू. आपल्याला फक्त उपमेनूतले हवेत:

मेनू.क्वेरीसिलेक्टरऑल("यूएल एलआय")

मिळतात ८. जेक्वेरीच्या फाइंडला हाच सिलेक्टर (कोणते एलिमेंट हवेत ते सांगणारा कंसातला मजकूर) दिला तर ३ मिळतात.

हा ब्राउझरचा बग नाही, नियमच तसा आहे. सिलेक्टर 'मेनू'पासून पुढे वाचला जात नाही. तो एलिमेंट्सच्या संपूर्ण झाडावर तपासला जातो आणि जुळलेल्यांतून 'मेनू'च्या आतले तेवढे हातात येतात. म्हणजे बंधन फक्त शेवटच्या एलिमेंटवर. डावीकडचा "यूएल" स्वतः 'मेनू' असला तरी चालतो, त्याच्या बाहेरचा एखादा पूर्वज असला तरीही चालतो. वरचे पाचही म्हणूनच आत शिरले. जेक्वेरी मात्र सिलेक्टरच्या आधी 'मेनू'लाच जोडून शोधते.

उपाय एका शब्दाचा:

मेनू.क्वेरीसिलेक्टरऑल(":स्कोप यूएल एलआय")

स्कोप म्हणजे ज्याच्यावर शोध चालवला तो एलिमेंट, इथे 'मेनू'. आता ३ येतील. फक्त वरच्या पातळीचे ५ हवे असतील तर ":स्कोप > एलआय". नुसतं "> एलआय" जेक्वेरीत चालून जातं, इथे सिंटॅक्स एरर येते. (एवढ्यासाठी सिलेक्टर तरी कशाला? थेट मुलंच हवीत तर मेनू.चिल्ड्रन पुरतं.)

स्वल्पविराम असलेल्या सिलेक्टरमध्ये पुन्हा फसायला होतं. ":स्कोप यूएल एलआय, यूएल ए" असं लिहिलंत तर स्कोप पहिल्या तुकड्यालाच लागतो, दुसरा मोकाट राहतो. प्रत्येक तुकड्याआधी तो लिहावा लागतो. आणि नुसत्या ":स्कोप"ने 'मेनू' परत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. रिकामी यादी येते, कारण ही पद्धत फक्त वंशज देते. ":स्कोप + यूएल" लिहून शेजारचा यूएलही याच कारणाने मिळत नाही.

टेस्टमध्ये हा दोष बरेचदा लपतो. तिथे एलिमेंट क्रिएटएलिमेंटने बनवून पानाला न जोडताच तपासतात. बाहेरचे पूर्वजच नसल्याने "डिव्ह एलआय" मागितल्यावर ० येतात आणि टेस्ट हिरवी होते. तोच मेनू पानावरच्या एखाद्या डिव्हमध्ये बसला की तेच ० चे ८ होतात. टेस्टमध्येही मेनू एका डिव्हमध्ये घालूनच तपासा.

इंटरनेट एक्सप्लोररमध्ये स्कोप कधीच आला नाही. तिथेही चालवायचं असेल तर 'मेनू'ला आयडी द्या आणि सिलेक्टरची सुरुवात त्या आयडीने करा.