वर्गणीदारांचे जुने पत्ते सांभाळताना या चुका टाळा

मासिकाच्या ऑफिसात वर्गणीदारांची यादी मी बारा वर्षं बघतेय. दर महिन्याला पोस्टातून अंकांचा गठ्ठा परत येतो आणि दर वर्षी नवीन आलेली मुलं त्याच त्याच चुका करतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. तुमचा क्लास असो, दुकान असो की पतसंस्था, यादी एक्सेलमध्ये असली की दुखणी सारखीच असतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अंक परत आला की ओळच डिलीट करणं. नौपाड्यातल्या एका सोसायटीत आमचे ११ वर्गणीदार होते. एका महिन्यात अकराच्या अकरा अंक परत आले, पाकिटांवर पोस्टमनचा ‘लेफ्ट’ असा शेरा. ऑफिसातल्या मुलानं अकरा ओळी सिलेक्ट केल्या आणि उडवल्या, यादी स्वच्छ झाली म्हणून खूशही झाला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती हो! तीन महिन्यांनी एका काकूंचा फोन आला, की अहो तीन वर्षांची वर्गणी भरलीय, अंक का येत नाही, आणि आमच्याकडे त्यांचं नावच नाही, पावती नंबरसुद्धा त्याच ओळीत गेलेला. पावतीपुस्तकांच्या कार्बन कॉप्या काढून दोन दिवस बसून ती नावं परत भरली. कोणी कळव्याला, कोणी डोंबिवलीला भाड्यानं गेलेलं, ते पत्ते घेतले पण कुठेच ‘तात्पुरता’ असं लिहिलं नाही, आणि ही चूक माझी. साडेतीन वर्षांनी लोक नव्या टॉवरमध्ये राहायला आले आणि आमचे अंक डोंबिवलीच्या भाड्याच्या घरी जात राहिले, जिथे आता दुसरंच बिऱ्हाड. सोसायटी तीच, पिनकोड तोच, पण दुसऱ्या मजल्यावरचा ७ नंबर आता ११०४ झालेला.

तेव्हापासून मी पत्ता पुसत नाही, त्याच्यापुढे ‘बंद’ लिहून तारीख टाकते. नवीन पत्ता नव्या कॉलमात, शेजारी तो कधी कळला आणि कोणी सांगितला, फोनवर स्वतः की शेजाऱ्यांनी. भाड्याचं घर असेल तर करार बहुतेक ११ महिन्यांचा असतो, म्हणून दहाव्या महिन्यात मी फोन करते. नवीन मुलांना हे फार वेळखाऊ वाटतं. एक फोन दोन मिनिटांचा असतो, परत आलेल्या अंकाचं पोस्टेज दोनदा जातं आणि वर माणूस दुखावतो ते वेगळंच.

परत आलेल्या पाकिटावरचा शेरा न वाचता सगळं एकाच खोक्यात टाकणं ही त्याच्याच पाठची चूक. ‘डोअर लॉक्ड’ म्हणजे माणूस गावाला गेलेला असू शकतो, ‘अपुरा पत्ता’ म्हणजे चूक आपली, आणि ‘मयत’ असेल तर आधी घरी फोन करा, पुढच्या महिन्यात त्याच नावानं अंक गेला तर त्या घरच्यांना काय वाटत असेल याचा विचार करा.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे माऊसनं खाली ओढणं. सदाशिव, नारायण पेठेतली चाळीसेक नावं होती, एकीनं ‘पुणे ४११०३०’ असं पहिल्या ओळीत लिहिलं आणि सेल खाली ओढला. मजकुराच्या शेवटी आकडा असला की एक्सेल तो एकेकानं वाढवतं, त्यामुळे ४११०३१, ४११०३२ असं थेट खालपर्यंत गेलं आणि दिवाळी अंक पुणेभर फिरून आले. १९७२ च्या १५ ऑगस्टपासून आपल्याकडे पिनकोड आहे, त्यातले पहिले तीन आकडे सॉर्टिंगच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन डिलिव्हरी करणाऱ्या पोस्टाचे, त्यामुळे वर पेठ बरोबर लिहिली तरी पाकीट आधी आकडा सांगेल तिकडेच जातं. पिनला वेगळा कॉलम करा आणि तो टेक्स्ट फॉरमॅटमध्ये ठेवा, नाहीतर न्यू जर्सीतल्या एडिसनच्या वाचकाचा ०८८२० हा झिप ८८२० होऊन बसतो. मी प्रत्येक पिन हातानं टाईप करते, ओढत नाही, आणि शंका आली तर पोस्टाच्या वेबसाईटवर बघते.

गावाचं नाव बदललं म्हणून फाइंड-रिप्लेस मारू नका. ‘औरंगाबाद’चं ‘छत्रपती संभाजीनगर’ एका फटक्यात केलं आणि बिहारमधल्या औरंगाबादला, ८२४१०१ ला, बदलीवर असलेला आमचा वाचकही संभाजीनगरचा झाला. नाव बदललं तरी ४३१००१ तेच आहे, अंक पोचतो, सावकाश एकेक बदला.

एकच कॉलम सॉर्ट करू नका, नावं एकीकडे आणि पत्ते भलतीकडे जातात. ‘राममंदिरामागे’, ‘पिठाच्या गिरणीवर’ असल्या खुणा फालतू म्हणून काढू नका, नवीन पोस्टमन त्यावरच घर शोधतो. एकाच पत्त्यावर दोन कुलकर्णी दिसले की डुप्लिकेट समजून एक उडवू नका, सासू-सुनेच्या वेगळ्या वर्गण्या असतात.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पत्ता त्याच दिवशी मूळ फाईलमध्ये टाका, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा कॉप्यांमध्ये नाही. आमच्याकडे २० तारखेला लेबलं छापतात, १९ ला संध्याकाळी मी सगळ्यांचे फोन मागून घेते आणि राहिलेले मेसेज शोधते. गेल्या महिन्यात चार सापडले, त्यातला एक नौपाड्याच्या त्याच काकूंचा होता, मुलाकडे नाशिकला जातेय म्हणून.