जुने क्वाड इएसएल घरी आणताय? आधी व्होल्टेज, मग गाणं

पीटर वॉकर यांनी घडवलेला क्वाड या ब्रिटिश कंपनीचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर (इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर, म्हणजेच इएसएल) १९५७ साली इंग्लंडमधल्या हंटिंग्डनहून बाजारात आला आणि १९८५ पर्यंत बनत राहिला. आज सगळे त्याला ‘इएसएल ५७’ म्हणतात. त्यावर एकट्या तंबोऱ्याची जवारी ऐकली की जाणकार या जोडीच्या मागे का लागतात ते कळतं. पण ही जोडी जुनी आहे, नाजूक आहे, आणि चुकीच्या अॅम्प्लिफायरने एका संध्याकाळात जळू शकते.

आत कोन नाही, मॅग्नेट नाही. छिद्रं असलेल्या दोन स्थिर प्लेट्सच्या मधे अतिशय पातळ प्लास्टिकची फिल्म ताणलेली असते. दोन्ही कडांना खर्जाचं एकेक पॅनेल आणि मधोमध ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं. खर्जाच्या फिल्मवर सुमारे ६,००० व्होल्ट असतात, ट्रेबलच्या फिल्मवर सुमारे १,५००. म्हणून मागची जाळी स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही चार्ज बराच वेळ टिकतो. दुरुस्ती करणाऱ्यानेही प्लग काढून रात्रभर थांबावं आणि हात घालण्याआधी चार्ज उतरवून घ्यावा. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही. तो १,००० व्होल्टपर्यंतचाच असतो, शिवाय तो स्वतः चार्ज ओढून घेतो आणि रीडिंग खोटं येतं. त्यासाठी हाय-व्होल्टेज प्रोब, म्हणजे हजारो व्होल्ट मोजणारं खास उपकरण, लागतो.

प्लग लावण्याआधी आतला ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टला जोडलाय ते तपासून घ्या. अमेरिकेतून आलेली जोडी ११०-१२० वर असू शकते. आपल्या २३० व्होल्टला ती थेट लावली की नुकसान ठरलेलंच. अर्थिंग खरंखुरं हवं. दोन पिनांचा अॅडॉप्टर लावून काम भागवू नका.

आता अॅम्प्लिफायर. सगळ्यात जास्त इएसएल इथेच मरतात. स्पीकरला जास्तीत जास्त ३३ व्होल्ट पीक, म्हणजे क्षणभराचं सर्वोच्च व्होल्टेज, चालतात. त्यापुढे ट्रेबल पॅनेलमध्ये ठिणगी पडते, फिल्मला भोक पडतं, आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा ठिणगी पडत राहते. हिशोब सोपा आहे: वॉटला २ ने आणि ओहमने गुणा, वर्गमूळ काढा. ८ ओहममध्ये ५० वॉट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट, चालेल. १०० वॉट म्हणजे ४० व्होल्ट, चालणार नाही. ‘आवाज कमीच ठेवीन’ यावर विसंबू नका; पिन रेकॉर्डवर आपटली किंवा चालू अॅम्प्लिफायरची केबल निसटली की एक ठोका पुरतो. १५ वॉटचा व्हॉल्व्हवाला क्वाड टू या स्पीकरसाठी सुरक्षित आहे. १९६७ चा क्वाड ३०३ सुद्धा, कारण त्याचा आतला सप्लायच ६७ व्होल्टचा, म्हणजे पीक त्याच्या निम्म्यावर, ३३ च्या आसपासच थांबतो. क्वाड ४०५ मात्र लिमिटर (व्होल्टेज मर्यादेत रोखणारं सर्किट) बसवल्याशिवाय जोडू नका.

दुसरी अडचण लोडची, म्हणजे स्पीकर टाकतो त्या भाराची. हा स्पीकर नावाला १६ ओहमचा, पण २० किलोहर्ट्झजवळ २ ओहमच्या आसपास येतो आणि कपॅसिटरसारखा वागतो. काही ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर अशा लोडवर ऑसिलेट होतात, म्हणजे आपोआप कंप पावू लागतात: गाणं नसतानाही हीटसिंक तापतो, वरचे सूर खरखरतात. पॉझिटिव्ह वायरमध्ये १ ते १.५ ओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर टाकला की बऱ्याचदा काम होतं. वरची चमक किंचित उतरते. ती किंमत देण्यासारखी आहे.

घ्यायच्या आधी पॅनेलची परीक्षा अशी करा. दोन्ही स्पीकर मेन्सवर तासभर चार्ज होऊ द्या. मोनो रेकॉर्डिंग लावा. गायक बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. एका बाजूला सरकला तर अॅम्प्लिफायरकडच्या केबल डाव्या-उजव्या बदला. तरीही तो त्याच स्पीकरकडे राहिला, तर दुसरा स्पीकर अशक्त आहे. मग गाणं चालू असतानाच दोघांचे मेन्स प्लग एकदम काढा. धडधाकट पॅनेल साठलेल्या चार्जवर काही मिनिटं वाजत राहतं आणि आवाज हळूहळू उतरतो. एक बाजू लगेच बसली तर तिथे चार्जची गळती आहे. प्लग काढल्यावर दोघं सारखेच टिकले, पण एक पहिल्यापासूनच मंद असेल, तर संशय हाय-व्होल्टेज ब्लॉकवर, म्हणजे फिल्मला चार्ज पुरवणाऱ्या भागावर, घ्या. त्यातले डायोड आणि कपॅसिटर वयानुसार थकतात. शेवटी खोलीत अंधार करून मागच्या जाळीतून बघा. निळसर ठिणगी किंवा टिकटिक आवाज म्हणजे पॅनेल गेलं.

खर्जाला फडफड ऐकू आली तर लगेच पॅनेल फाटलं असं धरू नका. बाहेर धूळ अडवणारी वेगळी फिल्म असते, ती सैल पडली तरी असाच आवाज येतो. दुरुस्ती करणारा चौकटीवर ६ मायक्रॉनची मायलर (पातळ प्लास्टिक फिल्म) चिकटवून हेअर ड्रायरने ताणून देतो. तेवढ्यावर भागतं.

ठेवताना मागच्या भिंतीपासून किमान १ मीटर पुढे घ्या, कारण आवाज मागेही तितकाच जातो. बाजूची भिंत जवळ असली तरी फारसं बिघडत नाही. मूळ पाय बुटके आहेत. ३०-४० सेंटिमीटरच्या भक्कम स्टँडवर चढवून ट्रेबल पॅनेल कानाच्या रेषेत आणा. मग दोन्ही स्पीकर थोडे आत वळवा. बसायची जागा एकच असते, हे मान्य करून चला.

मुंबईत, कोकणात, गोव्यात खरा शत्रू पावसाळा. चार्ज झालेली फिल्म धूळ ओढते, धुळीत ओल मुरते आणि त्या वाटेने चार्ज गळतो: आवाज मंद होतो, सू-सू ऐकू येते. खोलीतली आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर ठेवणारा डीह्युमिडिफायर लावा. स्पीकर बरेच दिवस बंद असतील तर आधी खोली दोन दिवस कोरडी करा आणि मगच मेन्स द्या.