घरच्या सुतारकामाच्या खोलीत पायाखाली काय असावे : या चुका टाळा

सुतारकामाची खोली थाटताना टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची विजेची करवत) कोणता घ्यावा यावर आपण महिनाभर खल करतो आणि जमिनीचा विचार मात्र टाचा ठणकू लागल्यावर करतो. मग घाईने दुकानात जाऊन, अंगठ्याने दाबून पाहताना जी मॅट सर्वांत मऊ लागेल ती उचलून आणतो. सर्वांत जास्त लोक फसतात ते इथेच, कारण मऊपणा आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काँक्रीटवर किंवा फरशीवर पाय दुखतात ते केवळ ती कठीण असते म्हणून नव्हे. एका जागी स्थिर उभे राहिल्याने पोटरीचे स्नायू फारसे हलत नाहीत आणि पायांतले रक्त वर ढकलण्याचे त्यांचे काम मंदावते. किंचित दबणाऱ्या पृष्ठभागावर शरीर नकळत तोल सावरत राहते आणि हे स्नायू चालते राहतात. परंतु तोच पृष्ठभाग फार मऊ असला, तर घोट्यांना क्षणभरही उसंत मिळत नाही आणि थकवा उलट वाढतो. शिवाय रंधा मारताना जोर मागच्या पायातून येतो. तो पाय रुतत असेल, तर त्यातला काही जोर मॅट दाबण्यातच वाया जातो. म्हणून 12 ते 20 मिलिमीटर जाडीची, दाबल्यावर थोडी दबून लगेच पूर्ववत होणारी घट्ट रबरी मॅट घ्यावी, आणि तीही आधी एकच आणून तिच्यावर तासभर काम करून पाहावी. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : 20 मिलिमीटरच्या मॅटवर उभे राहिले की कामाचे टेबल आपल्यासाठी तेवढेच बुटके होते. पाय सुखावले पण कंबर धरली, असे झाल्यास आधी टेबलाची उंची तपासावी.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या मी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. पहिले काही दिवस सुखाचे गेले. मग चाकांच्या स्टँडवरचा बँड सॉ, म्हणजे पट्टीसारख्या पात्याची उभी करवत, कोपऱ्यातून बाहेर ओढायची वेळ आली. चाके फोममध्ये रुतली, पुढची लादी लाटेसारखी फुगून वर आली, आणि यंत्र जेमतेम हातभर सरकले तेव्हा मागे खोल चरे पडले होते, जे पुढे कधीच भरून आले नाहीत. लाद्यांच्या सांध्यांत भुसा इतका घट्ट बसला, की कडा नीट जुळेनात आणि उचलल्या गेल्या. टेबल सॉसमोर अशी उचललेली कड म्हणजे फिरत्या पात्यासमोर अडखळण्याची सोय. तेव्हापासून माझा नियम साधा आहे : जिथे आपण उभे राहतो तिथेच मॅट, जिथे यंत्रे फिरतात तिथे कठीण जमीन, आणि मॅटच्या कडा उतरत्या.

काँक्रीट झाकण्यापूर्वी ओल न तपासणे ही चूक लवकर दिसत नाही. म्हणूनच ती वाईट. सुमारे 45 सेंटिमीटर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर हवाबंद चिकटवावा आणि किमान 16 तासांनी उचलावा. खाली थेंब जमले असतील किंवा काँक्रीट गडद झाले असेल, तर वर काहीही अंथरण्याची घाई करू नये. नव्या काँक्रीटच्या मजबुतीसाठी 28 दिवसांचा हिशेब धरतात, पण ते वाळण्याचा हिशेब निराळा असून दर 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना धरावा लागतो. जुन्या जमिनीवरही रबरी मॅट अधूनमधून उलटून ठेवावी, कारण तिच्याखाली कोंडलेली ओल कुबट वासाने स्वतःची वर्दी देते तोवर उशीर झालेला असतो.

शक्य असेल तर लाकडी जमिनीला तोड नाही, असे मी मानतो. पटाशी हातातून निसटून तोंडावर पडली, तर काँक्रीटवर तिचा कोपरा उडतो आणि सगळी धार मागे घासत न्यावी लागते. प्लायवूडवर ती बहुधा नुसती रुतून उभी राहते. खाली 0.15 मिलिमीटर जाडीचे पॉलिथीन, त्यावर 30 ते 40 सेंटिमीटर अंतराने लाकडी पट्ट्या आणि वर 18 मिलिमीटरचे प्लायवूड, एवढ्याने काम भागते. इथे घडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत : भिंतीलगत सुमारे 10 मिलिमीटर फट न सोडणे, जड यंत्राच्या पायांखाली जादा पट्ट्या न देणे, आणि जमिनीची उंची वाढल्यावर दार उघडेल का हे आधी न पाहणे.

चकचकीत वार्निश किंवा गुळगुळीत इपॉक्सी (जमिनीवर ओतून कडक होणारा राळेचा लेप) ही देखणी चूक आहे. तिच्यावर बारीक भुशाचा थर बसला, की बूट सर्रकन घसरतो. इपॉक्सी लावायचेच असेल तर त्यात खरखरीत वाळू मिसळून घ्यावी, आणि रंग फिका निवडावा, म्हणजे खाली पडलेला स्क्रू शोधत गुडघ्यांवर रांगावे लागत नाही.

प्लायवूडची जमीन काही महिन्यांनी कुरकुरू लागली, तर बहुतेकदा खालचे काँक्रीट सपाट नसते आणि एखादी पट्टी अधांतरी राहिलेली असते. तेवढ्या जागेचे स्क्रू काढून, पट्टीखाली पातळ पाचर सारून ते पुन्हा आवळावेत. प्लायवूड खिळ्यांनी किंवा गोंदाने न बसवता स्क्रूंनी बसवावे, असा माझा आग्रह आहे तो याचसाठी.