चांगले इअरफोन घ्यायचे आहेत? आधी तंबोरा ऐका

दोन-तीनशे रुपयांना घेतलेल्या इअरफोनचा कंटाळा आला, की आपण ‘चांगले कुठले घेऊ?’ असं दिसेल त्याला विचारत सुटतो. उत्तरं भरपूर मिळतात, पण बहुतेक पैशांच्या भाषेत: हजाराचे घे, पाच हजारांचे घे. माझं मत वेगळं आहे. कानात नीट न बसलेला दहा हजारांचा इअरफोन नीट बसलेल्या दीड हजाराच्या इअरफोनपुढे फिका पडतो. आणि आवाज बरोबर येतोय की नाही हे ओळखायला एखादा खरा आवाज कानात मुरलेला असावा लागतो. सांगली-मिरजेच्या माणसाला तो घराजवळच मिळतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी पहिली: खरा आवाज कानात भरून घ्या

मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवायची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीत एखाद्या कारखान्यात विचारून थोडा वेळ बसा. शक्यतो कारागीर जवारी काढत असताना जा.

जवारी काढणं म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) वरचा भाग घासून त्याला अगदी सूक्ष्म उतार देणं. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा जागेवर नसला तर तार नुसती ‘टण्ण’ वाजते आणि विझते. कारागीर एका हातानं तार छेडत राहतो, दुसऱ्या हातानं दोरा केसभर पुढे-मागे करतो, आणि एका जागी आवाज अचानक उमलतो. खाली खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा जाड स्वर, घुमतो, वर बारीक झणकार उठतो आणि तो हळूहळू पसरत जातो. एका तारेतून कितीतरी स्वर एकदम ऐकू येतात. हा क्षण लक्ष देऊन ऐका. तिथं फोनवर रेकॉर्ड करून घेण्यापेक्षा कानानंच लक्षात ठेवा, कारण फोनचा माईक आवाज स्वतःच कमी-जास्त करतो.

हे सगळं इअरफोनसाठी कशाला? काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तंबोऱ्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, साधारण 139 हर्ट्झला असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या आसपास. जवारीचा झणकार मात्र कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढतो. म्हणजे एकाच वाद्यात खालचं टोक आणि वरचं टोक दोन्ही तपासून होतात. शिवाय तंबोरा एकसारखा चालू असतो, त्यामुळे दोन इअरफोनची तुलना करायला फुरसत मिळते. सिनेमातलं गाणं स्टुडिओत इतकं घडवलेलं असतं, की ते मुळात कसं वाजायला हवं हे आपल्याला ठाऊकच नसतं.

मैफलीतही तंबोरा ऐकायला मिळतो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात होणारी संगीतसभा तर चुकवूच नये. पण तिथं आवाज माईक आणि स्पीकरमधून येतो. आपल्या कामासाठी कारखान्यातलं वाद्य बरं, तेही हातभर अंतरावरून.

पायरी दुसरी: जुना इअरफोन तपासा

नवा घेण्याआधी जुन्याचं नेमकं काय बिघडलंय ते बघा. एका बाजूचा आवाज कमी झाला असेल, तर दहातल्या बऱ्याच वेळा दोष जाळीत साचलेल्या मळाचा असतो. कानात जाणारं रबर काढा, इअरफोनचं तोंड खाली धरा आणि कोरड्या, मऊ टूथब्रशनं जाळी हलकेच घासा. तोंड खालीच हवं, नाहीतर मळ आत जातो. पिन किंवा सुई लावू नका, जाळी फाटते. काढलेलं रबर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळवा आणि मग परत चढवा.

नंतर फोनच्या सेटिंगमध्ये जा. इक्वलायझर, ‘बेस बूस्ट’, डॉल्बी असं जे काही चालू असेल ते बंद करा. गाण्याच्या ॲपमध्ये डेटा वाचवायचा पर्याय चालू असेल तर तोही बंद करा आणि दर्जा सगळ्यात वरचा निवडा. खराब फाईल ऐकून इअरफोनला दोष देण्यात अर्थ नाही.

आता जुन्याच इअरफोनवर खऱ्या तंबोऱ्याचं एखादं रेकॉर्डिंग लावा. ॲपमधला इलेक्ट्रॉनिक तंबोरा नको. काय कमी वाटतं ते कागदावर लिहा: खर्ज पोकळ आहे, झणकार टोचतो, गायकाचा आवाज मागं गेलाय, बस सुरू झाली की काहीच ऐकू येत नाही. खरेदीच्या वेळी हाच कागद कामाला येणार आहे.

पायरी तिसरी: रबर

लोक सगळ्यात घाईत उरकतात ती ही पायरी, आणि निम्म्याहून जास्त आवाज हिच्यावर ठरतो. इन-इअर इअरफोन कानाच्या नळीत बूच बसल्यासारखा बसला तरच खर्ज टिकतो. जरा फट राहिली की खालचे स्वर बाहेर निघून जातात, उरतो तो पातळ, कर्कश आवाज. मग आपण म्हणतो, ‘यात बेसच नाही.’

डब्यात बहुधा तीन मापांची रबरं येतात आणि मधलं चढवलेलं असतं. ते तुमचंच माप असेल असं नाही. डाव्या आणि उजव्या कानाचं मापही वेगळं असू शकतं, तेव्हा एका बाजूला मधलं, दुसऱ्याला मोठं असं बिनधास्त वापरा.

घालताना उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि थोडी मागं ओढा. त्यानं नळी सरळ होते. तोंड किंचित उघडं ठेवा, इअरफोन हलकेच आत सरकवून थोडा फिरवा आणि पाळी सोडा. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या इअरफोनची वायर कानावरून मागं घ्यायची असते. ती तशीच घ्या, वायर खाली सोडली तर ते नीट बसतच नाहीत.

बसलाय हे कसं ओळखायचं? गाणं न लावता बोलून बघा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा जड वाटला, तर कान बंद झालाय. दोन्ही बाजूंना तो सारखाच घुमायला हवा. मग तंबोरा लावा आणि खर्जाच्या तारेकडं लक्ष द्या. इअरफोन बोटानं हलकासा आत दाबल्यावर खर्ज एकदम वाढला, तर फट आहे, एक माप मोठं घ्या. दाबूनही फरक पडला नाही, तर बसलाय. अर्ध्या तासात कान दुखायला लागला तर रबर मोठं आहे, किंवा इअरफोनचा आकारच तुमच्या कानाचा नाही.

सिलिकॉनची तिन्ही मापं जमत नसतील तर फोमची टिप आणा. ती चिमटीत दाबून बारीक करायची, कानात घालायची आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायची. बाहेरचा आवाज ती चांगला अडवते, झणकार मात्र थोडा मऊ करते. काही महिन्यांत झिजते, म्हणून बदलावी लागते. अनेकांचं काम इथंच भागतं. शंभर-दोनशेच्या रबरानं जुनाच इअरफोन सुधारला, तर नवा घ्यायची घाई कशाला?

पायरी चौथी: वायर की ब्लूटूथ

तेवढ्याच पैशात वायरचा इअरफोन जास्त चांगला वाजतो. बिनवायरीच्या किमतीत बॅटरी, चिप, माईक आणि चार्जिंगची डबी या सगळ्यांचा वाटा असतो. त्यातल्या इवल्याशा बॅटऱ्या काही वर्षांत थकतात आणि सहसा बदलून मिळत नाहीत. वायर सुटी होणारा इअरफोन घेतलात तर वायर तुटली तरी फक्त वायर बदलायची. सुट्या वायरीचं टोक बहुतेक 0.78 मिलिमीटरच्या दोन पिनांचं किंवा एमएमसीएक्स प्रकारचं असतं. आपलं कुठलं ते लिहून ठेवा.

दिवसभर फोनवर बोलणं असेल, चालताना वायर अडकत असेल, तर ब्लूटूथ खुशाल घ्या. एलडॅकसारखा वरच्या दर्जाचा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत), जो सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत जातो, तो फोन आणि इअरफोन दोन्हीकडं असला तरच उपयोगी. आयफोनवर एलडॅक चालत नाही, तिथं एएसी या कोडेकवरच काम होतं. गाणं ऐकायचं असेल तर माझं मत वायरलाच.

फोनला 3.5 मिलिमीटरचा जॅक नसेल तर टाईप-सीचा डोंगल, म्हणजे मधला जोड, लागेल. इथं एक गोष्ट नीट विचारा: डोंगलच्या आत डॅक (डिजिटल आवाजाचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारी चिप) आहे का? स्वस्त डोंगलमध्ये कधीकधी नुसती तार जोडलेली असते आणि ते काही फोनवर चालतच नाहीत. दुकानात स्वतःच्या फोनला लावून, गाणं वाजवूनच पैसे द्या.

पायरी पाचवी: किती पैसे, कुठला प्रकार

वायरच्या इअरफोनमध्ये दीड ते अडीच हजारांत आज फार चांगला माल मिळतो. मूनड्रॉपचा चू 2, सेव्हन हर्ट्झचा साल्नोट्स झीरो, टांगझूचा वान-अर हे याच वर्गातले. साध्या इअरफोनवरून इथं येताना जो फरक जाणवतो, तो पुढं दुप्पट-चौपट पैसे टाकूनही जाणवत नाही. पहिल्यांदा घेताय तर याच्या वर जाऊ नका.

डब्यावर ‘चार ड्रायव्हर’, ‘आठ ड्रायव्हर’ लिहिलेलं असतं. ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर. आकड्याला भुलू नका. एकच 10 मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर नीट बनवला असेल तर गायन आणि वाद्यं छान मांडतो. फोनवर चालवायचा असेल तर 16 ते 32 ओहमचा रोध (इम्पिडन्स) आणि 100 डेसिबलच्या वरची संवेदनशीलता असली की झालं.

त्यापेक्षा आवाजाची घडण कशी आहे ते बघा. खालचं आणि वरचं टोक उचललेला इअरफोन पहिल्या दोन मिनिटांत फार दमदार वाटतो, पण गायकाचा आवाज मागं ढकलतो. नाट्यगीत, अभंग, ख्याल ऐकणाऱ्यानं तो टाळावा. ढोलकी आणि डीजेची गाणी हेच मुख्य ऐकणं असेल, तर तोच आवडेल. तुमच्या कागदावर काय लिहिलंय त्यावरून ठरवा.

पायरी सहावी: घेताना

आपल्याकडं मोबाईलच्या दुकानांत इअरफोन कानात घालून बघू देत नाहीत, त्यामुळे बहुतेकांना ऑनलाईनच मागवावा लागतो. आधी परतीचा नियम वाचा. कानात घालायच्या वस्तूवर बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, बिघाड असेल तरच बदलून मिळतं. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि जीएसटीचं बिल जपून ठेवा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. दोन्ही बाजू वाजतात का आणि गायकाचा आवाज बरोबर मधोमध येतो का, हे पहिल्याच दिवशी बघा. आवाज एका बाजूला झुकत असेल तर आधी रबरं अदलाबदल करून बघा, तरीही झुकला तर लगेच तक्रार करा.

पायरी सातवी: जुना आणि नवा समोरासमोर

तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो जरा मोठ्यानं वाजतो तो आपल्या कानाला चांगलाच वाटतो, मग तो चांगला असो वा नसो. इअरफोन बदलला की आधी आवाजाची पातळी जुळवा, मगच ऐका.

तंबोरा लावा. घोडीजवळ ऐकलेला तो उमलणारा आवाज आठवा. झणकार आला पण खर्ज नाही, तर परत रबराकडं जा. खर्ज आला पण झणकार कापसात गुंडाळल्यासारखा, तर इअरफोन वरच्या बाजूला दबलेला आहे. झणकार कानाला टोचतोय आणि गाण्यातले ‘स’, ‘श’ फुत्कारतायत, तर वरचं टोक जास्त उचललेलं आहे. दोन्ही एकत्र आले आणि प्रत्येक तार वेगळी ओळखता आली, तर इअरफोन जमला. त्यानंतर तबला लावा आणि डग्ग्याची मींड, म्हणजे स्वराचं घसरत जाणं, ऐका. ती सलग खाली-वर सरकायला हवी, नुसती ‘धप्प’ नको.

जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी चाचणीला वापरू नका. त्या रेकॉर्डिंगमध्येच खालचं आणि वरचं टोक कमी असतं. चांगल्या इअरफोनवर त्यांची खरखर उलट जास्त स्पष्ट ऐकू येते. तो इअरफोनचा दोष नाही. निर्णय घ्यायला चार-सहा दिवस द्या, कानालाही नव्या आवाजाची सवय व्हावी लागते.

पुढची काळजी

नीट बसलेल्या इअरफोनचा मोठा फायदा म्हणजे बाहेरचा गोंगाट आत येत नाही, त्यामुळे आवाज कमी ठेवता येतो. एसटीत किंवा मिरज-पुणे गाडीत हे लगेच जाणवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास आणि मुलांसाठी 75 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. ऐकून झाल्यावर कानात शिटी वाजल्यासारखं होत असेल, तर आवाज जास्त होता. बाहेरचं ऐकू येत नाही, म्हणूनच गाडी चालवताना आणि रस्ता ओलांडताना दोन्ही इअरफोन काढून ठेवा.

पावसाळ्यात इअरफोन खिशात तसाच कोंबू नका. घामाचा किंवा ओलीचा असेल तर पुसून, वायर सैल गुंडाळून छोट्या डबीत ठेवा. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी त्या डबीत टाका. जॅक काढताना वायर ओढू नका, जॅकलाच धरा. रबर महिन्यातून दोनदा धुवा, आणि ते सैल पडलं की तेवढंच नवं आणा.